चिकटलेला खटका

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी भूपेश कामाला निघून गेला आणि रीमा पूजेचा पाट उचलायला गेली, तेव्हा तिला मुंग्या दिसल्या. बारीक लाल मुंग्यांची रांग उंबऱ्यावरून येऊन पाटावर चढली होती. काल जिथं मशीन ठेवलं होतं तिथं त्यांचा गोळा झाला होता. कोयता, जाळं विणायची सुई, करवत हीही काल त्याच पाटावर होती. त्यांच्या जागी एकही मुंगी नव्हती.

रीमा पाट हातात धरून तशीच उभी राहिली. 

मशीन म्हणजे भिंतीला भोकं पाडायचं, बॅटरीवर चालणारं हॅमर ड्रिल. भूपेश मस्कतला चार वर्षं होता. शहाण्णवच्या मे महिन्यात परत आला, तेव्हा फोरमननं निरोपाचं म्हणून दिलेलं हे मशीन पेटीसकट घेऊन आला. अख्ख्या मुर्धा गावात असलं दुसरं नव्हतं. नवघरला रोज नव्या इमारती उठत होत्या, राहायला आलेल्या प्रत्येकाला खिडकीला ग्रिल हवं होतं आणि वीज दिवसातून दोनदा तरी जायची. वायरवाले कारागीर वीज यायची वाट बघत बसायचे, तेव्हा भूपेशचं काम उरकलेलं असायचं.

मशीन चालवायचा भूपेश, सांभाळायची रीमा. ती दहावी झालेली होती. पेटीतली इंग्रजी पुस्तिका तिनं शब्दकोश घेऊन, अडखळत, पण शेवटच्या पानापर्यंत वाचली होती. रोज संध्याकाळी ती आधी बॅटरी काढायची. मुठीच्या तळाशी दोन बाजूंना दोन कळा होत्या. दोन्ही एकदम दाबल्या की बॅटरी खाली सरकायची. मग कोरड्या फडक्यानं धूळ पुसायची, हवेच्या फटी ब्रशनं मोकळ्या करायची आणि बिटाच्या, म्हणजे भोक पाडणाऱ्या सळीच्या, मागच्या टोकाला बोटभर ग्रीस लावायची. एवढं झालं की बॅटरी चार्जरला. ओला हात मशीनला लावायचा नाही, हे पुस्तिकेत दोन ठिकाणी लिहिलं होतं.

आणि काल बाबांनी, म्हणजे सासरे बाळाराम यांनी, मशीनवर नारळ फोडला होता.

होडीच्या पुढच्या टोकावर फोडतात तसाच. नारळ तळहातावर धरून वर कोयत्याचा एक घाव. पाणी मशीनवर पडलं, फटींतून आत गेलं, मशीन चालवायला बोटानं दाबायच्या खटक्याच्या भोवतीनं झिरपलं. बाबांचे डोळे मिटलेले होते. घरात पोटापाण्याचं नवं हत्यार आलं, त्याला होडीचा मान दिला, याचं समाधान त्यांच्या चेहऱ्यावर होतं. सासू शालू हात जोडून उभी होती. रीमाच्या ओठावर शब्द आले होते, पण भरल्या पूजेत सुनेनं सासऱ्याचा हात धरायचा कसा? तिनं नंतर मशीन वरून पुसलं आणि बॅटरी काढून खटका दाबून पाहिला. तो आत गेला, पण परत यायला किंचित वेळ लागला. ग्रीस गेलं असेल, असं तिनं स्वतःला समजावलं.

ते ग्रीस नव्हतं, हे आता मुंग्या सांगत होत्या. नारळाचं पाणी रात्रभरात सुकून गुळासारखं चिकट झालं होतं. त्यात आज सिमेंटची धूळ जाणार होती.

भूपेशनं मस्कतची एक गोष्ट तिला हसत हसत सांगितली होती. एका कामगाराचं बिट काँक्रीटमधल्या सळईत अडकलं. बिट थांबलं, पण मशीन थांबलं नाही. ते त्याच्या हातासकट फिरलं. "मनगटाचा पार पिळा झाला," भूपेश म्हणाला होता, "पण खटका लगेच सोडलान म्हनून हात तरी राहिला."

खटका सोडला म्हणून.

रीमानं पाट भिंतीला टेकवला. कोनाड्यात मशीनची बाजूची मूठ पडलेली दिसली, डाव्या हातानं धरायची. कोपऱ्यात अडचण होते म्हणून भूपेश ती घरीच ठेवायचा. तिनं ती पिशवीत टाकली.

"कुठं चाललीस?" शालूनं विचारलं.

"ह्यांची मूठ राहिली. देऊन येते."

"त्याला हात न्हाय का, यायला आन् न्यायला?"

रीमानं चपला घातल्या. उत्तनहून येणारी बस तिला वेळेवर मिळाली, पण भाईंदर स्टेशनपर्यंत ती प्रत्येक थांब्यावर थांबली. पुलावरून रूळ ओलांडून ती पूर्वेला उतरली आणि नवघरच्या रस्त्यानं चालत सुटली. काम कुठल्या इमारतीत आहे ते तिला ठाऊक होतं. कुठल्या मजल्यावर, ते ठाऊक नव्हतं. त्याची गरज पडली नाही. इमारतीच्या कोपऱ्यावर येताच वरून मशीनचा आवाज आला. तिनं मान वर केली.

तिसऱ्या मजल्याच्या खिडकीबाहेर, दुसऱ्या मजल्याच्या खिडकीवरच्या छज्ज्यावर, भूपेश उभा होता. छज्जा दीड वितीचा. डाव्या हातानं त्यानं ग्रिलचा गज धरला होता आणि उजव्या हातात मशीन होतं. कमरेला दोर नव्हता. त्याच्या बरोबर खाली पाण्याचा टँकर लागला होता आणि वीस-पंचवीस बायका हंडे, कळशा, बादल्या घेऊन रांगेत भांडत होत्या.

रीमानं हाक मारली नाही. मशीन चालू असताना माणसाला दचकवायचं नाही, हेही पुस्तिकेत होतं. नसतं तरी तिला कळलं असतं. ती जिना चढली.

दार त्या घरच्या संपदानं उघडलं. परळहून सहा महिन्यांपूर्वी राहायला आलेली. नवरा ऑफिसला गेलेला, दोन वर्षांचा निहार आतल्या खोलीत झोपलेला. याच निहारनं मागच्या आठवड्यात खिडकीत पाय टाकला, म्हणून ग्रिलची घाई.

"तुम्ही कोण?"

"त्यांची बायको. मूठ राहिली होती."

"या ना. झालंच आहे त्यांचं. ग्रिल धरणारे वरचे दोन फास्टनर बसले, खालचाही एक होतोय. मग एकच राहील." संपदा कौतुकानं म्हणाली, "वीज नाहीये सकाळपासून, तरी बघा कसं काम चाललंय. आमचे हे म्हणाले, असलं मशीन आपल्याकडे मिळत नाही."

मशीन थांबलं. भूपेशनं भोकातली धूळ फुंकली. म्हणजे खटका सुटतोय. रीमाला क्षणभर आपल्याच भीतीची लाज वाटली. मग तिनं त्याच्या बोटाकडे पाहिलं. खटका सोडल्यावर तो नखानं त्याला बाहेर ओढत होता. त्याच्या ते लक्षातही नव्हतं.

"अवो," ती खिडकीत जाऊन हळू म्हणाली.

भूपेशनं वळून बघितलं. "तू? आयेनं धाडलं का, जेवलो का बघायला?"

"बॅटरी काढा आन् आत या. खटका चिकटतोय त्याचा."

"तीन भोका पारली. कुठं चिकटला?"

"नखानं ओढताय तुम्ही."

त्यानं मशीनकडे पाहिलं, मग तिच्यामागे उभ्या असलेल्या संपदाकडे. "ताई, आमच्या घरात इंजिनेर ही हाय," तो म्हणाला. "मी हेल्पर."

संपदा हसली. रीमा हसली नाही. "पयला दोर तरी बांधा."

"एका भोकासाठी? बरा, चिकटतोय तो कशानं? काल तूच पुसून दिलास ना?"

आता सांगायला हवं होतं. बाबांच्या नारळानं, एवढे दोनच शब्द. पण ज्या हत्याराला काल बाबांनी देव मानून हात जोडले, ते त्यांच्याच पूजेनं बिघडलं, हे परक्या बाईसमोर, नवरा छज्ज्यावर उभा असताना म्हणायचं, तर जीभच वळेना. शिवाय तसलं अभद्र बोललं आणि खरंच काही झालं तर? रीमा गप्प राहिली. ती काल गप्प राहिली होती तशीच.

"बघ," भूपेश म्हणाला आणि त्यानं बिट चौथ्या खुणेवर टेकवलं.

बिट इंचभर सरळ आत गेलं. मग आवाज बदलला. काँक्रीटचा भरडा आवाज जाऊन लोखंडाचा करकर आवाज आला, आणि मशीन भूपेशच्या हातात एकदम आडवं फिरलं. त्याचा कोपर छातीवर आपटला. त्यानं बोट उचललं. रीमानं ते स्पष्ट पाहिलं, बोट खटक्यावरून उचललं गेलं. मशीन थांबलं नाही.

ते झटके देत होतं. दर झटक्याला भूपेशचं मनगट पिळलं जात होतं आणि छज्ज्यावरचा त्याचा पाय सरकत होता. डावा हात ग्रिलवरून काढला तर तो स्वतः खाली जाणार होता. उजवा सोडला तर बिट सुटून साडेतीन किलोचं चालू मशीन खालच्या बायकांच्या डोक्यावर जाणार होतं. खाली कोणीतरी कोणाला तरी नंबर तोडल्याबद्दल शिव्या देत होतं.

"बंद होत न्हाय," भूपेश म्हणाला. तो ओरडला नाही. त्याचा आवाज अगदी लहान झाला होता.

तिनं उजवा हात ग्रिलच्या गजांतून बाहेर घातला. मनगटापाशी तो अडकला. बांगड्या. लग्नापासून एकही वाढवावी लागू नये म्हणून भांडी घासतानासुद्धा जपलेला हात. तिनं एक श्वास घेतला आणि हात पुढे रेटला. दोन बांगड्या कडकन फुटल्या, काच खाली गेली. आता हात कोपरापर्यंत बाहेर होता.

मशीन पुन्हा फिरलं आणि मूठ तिच्या बोटांवर आदळली. तिनं बघायचं सोडून दिलं. रोज संध्याकाळी ती हे न बघताच करायची. तळाशी हात, अंगठा एका बाजूला, मधलं बोट दुसऱ्या बाजूला. पहिल्यांदा एकच कळ दाबली गेली. दुसऱ्यांदा झटक्यानं बोटं घसरली. तिसऱ्यांदा दोन्ही कळा एकदम आत गेल्या आणि तिनं हात खाली ओढला.

आवाज तुटला.

खालची शिवीगाळ एकाएकी फार जवळ ऐकू येऊ लागली. मशीन बिटाच्या आधारानं भिंतीत तसंच तिरकं लटकत राहिलं. भूपेशनं दोन्ही हातांनी ग्रिल धरलं आणि कपाळ गजांना टेकलं.

बॅटरी रीमाच्या मुठीत होती, पण मुठीसकट ती गजातून आत येईना. सोडायचीही नव्हती; खाली बायका होत्या. ती हात तसाच बाहेर ताणून उभी राहिली. भूपेशनं थोड्या वेळानं बिट भिंतीतून ओढून मोकळं केलं, मशीन घेऊन ग्रिलच्या कडेच्या उघडत्या झडपेतून आत आला आणि मग तिच्या हातातली बॅटरी झडपेतून आत घेतली. तिच्या मनगटावर काचेनं उभा ओरखडा काढला होता.

"ती माझ्याकडं द्या," रीमा म्हणाली.

त्यानं दिली. संपदानं पाणी आणलं. तिनं तांब्या भूपेशजवळ जमिनीवर ठेवला. 

"कशानं चिकटला गं?" भूपेशनं पुन्हा विचारलं. या वेळी त्याला खरंच उत्तर हवं होतं.

"बाबांच्या नारळानं."

त्यानं खटका दाबला. तो आत गेला आणि आतच राहिला.

घरी पोचले तेव्हा बाळाराम अंगणात जाळं पसरून बसले होते. भूपेशचं सुजलेलं मनगट त्यांना आधी दिसलं. "काय झाला?"

भूपेश उंबऱ्याकडे बघत राहिला. तो बोलणार नव्हता, हे रीमाला कळलं. तिनं पदर सावरला आणि उभ्यानंच सगळं सांगितलं: नारळ, मुंग्या, छज्जा, टँकरच्या बायका. शालू मधेच म्हणाली, "पूजेनं कधी वाईट होतं का?" पण बाळारामांनी हात वर करून तिला थांबवलं.

"इतकी वर्सं होडीवर फोडतो," ते म्हणाले. "होडीला काय न्हाय झाला."

"होडीला खटका न्हाय, बाबा."

बाळारामांनी मशीन मांडीवर घेतलं आणि खटका अंगठ्यानं दाबून पाहिला. नखानं बाहेर काढला, पुन्हा दाबला. चार-पाच वेळा. दाराच्या फटीत बोट सापडलेल्या माणसासारखा त्यांचा चेहरा आवळला.

"कालच बोलायचास, पोरी," ते म्हणाले.

"हो," रीमा म्हणाली. 

ते आणखी काही वेळ मशीन हातात फिरवत राहिले. त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं होतं. त्यांनी हात पुढे केला. "बॅटरी दे. चालू झाल्यावर काय करतो ते बघतो मी."

भूपेशनं मान वर केली. शालूही बघत होती. मशीन बाबांच्या मांडीवर होतं, बिट अजून त्यातच होतं आणि खटका आत चिकटलेला होता.

"न्हाय, बाबा," रीमा म्हणाली. "आधी उघडून साफ करून आणू या. तोवर बॅटरी कोणाला न्हाय."

बाळारामांचा हात थोडा वेळ तसाच पुढे राहिला. मग त्यांनी तो मागे घेतला आणि मशीन सावकाश, बिट भिंतीकडे करून, जमिनीवर ठेवलं. पदराआडची बॅटरी नवघरपासून धरून धरून गरम झाली होती. रीमानं ती दुसऱ्या हातात घेतली आणि घट्ट धरली.