पाच कमानी, डावीकडे

सिरसपेठेला इतिहास आहे, हे सिरसपेठेला १९८७ च्या मार्चमध्ये कळलं, आणि तेही टपालानं.

हुकूम साधा होता. निजामाच्या काळातले गावाचे फोटो शोधा, त्यातली कुठली इमारत अजून उभी आहे नि कुठली पडली ते पाहा, आणि तक्ता भरून पाठवा. उभी इमारत रस्तारुंदीतून सुटेल. पडलेल्या इमारतीच्या जागी पितळी पाटी लागेल, आणि पाटीला धक्का लागू नये म्हणून ती जागाही सुटेल. मेलेल्यांचा मान सरकार नेहमीच राखतं. अडचण होते ती जिवंतांची.

काम आलं मंडल कचेरीतल्या खुशालकडं. खुशाल कनिष्ठ कारकून, बी.ए. झालेला, आणि दहाच्या ठोक्याला कचेरीत हजर राहायची वाईट खोड असलेला. त्या वेळी कचेरीत दुसरं कोणी नसतं, त्यामुळे येणारं प्रत्येक काम त्याच्याच अंगावर पडायचं.

रेकॉर्डच्या खोलीत, उंदरांना नको झालेल्या कागदांच्या बस्त्यांमागे, त्याला एक लाकडी पेटी सापडली. आत फोटोच्या चौदा निगेटिव्ह काचा. उजेडात धरल्या की काळं आभाळ नि पांढरी झाडं दिसायची. अमृत फोटो स्टुडिओच्या अमृतरावांनी त्या काचांवरून मोठे फोटो छापून दिले. प्रत्येक फोटोच्या पाठीवर एमआरओ साहेबांनी, म्हणजे जुन्या भाषेत तहसीलदारांनी, सही केली, शिक्का मारला, आणि कमिटी बसली.

एमआरओ साहेब आंध्रच्या किनारपट्टीकडचे. मराठी त्यांना कळत नसे, उर्दू वाचता येत नसे, हिंदी तोडकीमोडकी, पण काम उरकायचं कसं हे कुठल्याही भाषेत कळे. तेरा फोटो एका दुपारी निकालात निघाले. जुनी चावडी पडली होती. तिच्या जागी बस स्टँड झालं होतं, तेही पडायला आलं होतं. घड्याळाच्या मनोऱ्यात घड्याळ नव्हतं, पोपट होते. त्याला ‘अंशतः उभा’ लिहिलं. डाकबंगला ठणठणीत निघाला. साहेब लोक जिथं उतरतात ती इमारत सहसा पडत नाही.

चौदावा फोटो देखणा होता. कचेरीच्या गच्चीवरून काढलेला. मधोमध सरळ रस्ता, डाव्या हाताला पाच कमानींची इमारत, तिच्या माथ्यावर उर्दू अक्षरं. उजव्या हाताला कोंडवाड्याची भिंत आणि दोन म्हशी.

कमिटी फोटो घेऊन त्याच गच्चीवर गेली. डाव्या हाताला सुधाकररावांची तीन मजली लॉज होती. उजव्या हाताला मुलींचं वसतिगृह, आणि त्याला एक, दोन, तीन, चार, पाच कमानी.

सुधाकरराव कापसाचे व्यापारी, कमिटीचे सभासद, आणि सभासद झाल्या दिवसापासून इतिहासाचे प्रेमी. ते म्हणाले, “फोटोत कमानी डावीकडं हायेत. डावीकडं माही लॉज हाय. म्हंजे ती जुनी इमारत माह्याच जागेवर व्हती. पडली बिचारी.”

“अन् ह्या समोरच्या कमानी?” खुशालनं विचारलं.

“नक्कल,” सुधाकरराव म्हणाले. “जुनं पाहून कोणंतरी बांधलं आसंल. आपल्या गावात नक्कल करनारे काय कमी हायेत?”

झालं. लॉजच्या दारात पितळी पाटी ठरली. फोटोत उजवीकडं कोंडवाडा होता. पण म्हशींच्या बाजूनं बोलायला कमिटीत कोणी नव्हतं, म्हणून तिकडं पाटी नाही. रस्ता रुंद होणार तो उजवीकडून, वसतिगृहाचे पंधरा फूट घेऊन. साहेबांनी तक्त्यात पेन्सिलीनं ‘पडली’ लिहिलं. आजचा फोटो जोडला की शाई फिरवायची होती. एक उभी इमारत स्वतःच्याच फोटोची नक्कल ठरली, आणि सगळे चहाला गेले.

खुशालची माय मनकर्णा त्या वसतिगृहात बावीस वर्षांपासून स्वयंपाक करायची. त्याची बहीण भागीरथा तिथंच राहून शिकली नि आता मुधोळला मास्तरीण होती. तीन पिढ्या दुसऱ्याच्या वावरात राबलेल्या घरातून ती पहिली पोरगी, जिचा हात खुरप्याऐवजी खडूनं भरला.

“पंधरा फूट म्हंजे कमानीसंगं दोन खोल्या गेल्या,” मनकर्णा म्हणाली. “अन् पोरी?”

“उटनूरच्या वसतिगृहात धाडू म्हनून राह्यले.”

“उटनूर!” तिनं पोळपाट बाजूला सारला. “बेल्याकडच्या खेड्यातला बाप पोरीले इथवर धाडाचं म्हटलं तं तीनदा पारावर बसून इचार करते. तो तितक्या लांब उटनूरले धाडीन? पाच कमानी पडल्या की चाळीस लग्नं लागतीन, खुशाल. अन् तू कारकून मानूस, तुले चाळीसई मांडवाचं आवतन येईन. जेवून घेजो.”

खुशालला त्या दिवशी भाकर गोड लागली नाही.

दुसऱ्या दिवशी तो फोटो घेऊन निघाला. निदान ती उर्दू अक्षरं वाचून घ्यावीत, एवढाच विचार. ती अक्षरं आतापर्यंत आठ जणांनी पाहिली होती. ती उर्दू आहेत हे सगळ्यांना कळलं होतं, आणि उर्दू उलटी लिहितात हेही. त्यापुढं जायची कोणाला गरज वाटली नव्हती.

गावात उर्दू वाचणारे एकच उरले होते, केशवराव पेशकार. निजामाच्या शाळेत शिकलेले, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. आंध्र झाल्यावर कचेरीची भाषा एकदा बदलली, मग पुन्हा बदलली, आणि केशवराव नोकरीची शेवटची दहा वर्षं सुंदर अक्षरासह रिकामे बसले. ते सापडले वसतिगृहासमोर, मोतीरामच्या सलूनमध्ये, गळ्याला पांढरं फडकं नि गालांना साबण.

“पेशकारसाहेब, एवढं वाचून द्या न.” खुशालनं मागं उभं राहून फोटो त्यांच्या खांद्यावरून पुढं धरला.

केशवरावांनी समोरच्या आरशात पाहिलं. “मुसाफिरखाना. सन तेराशे एकतीस फसली. काय खत आहे, काय वळण अक्षराचं! असं खत लिहिणारे गेले आता.” त्यांचे डोळे भरून आले. “दाखव, हातात दे.”

फोटो हातात घेतला नि त्यांचा चेहरा बदलला. चष्मा मागितला, साबणानं माखला, पुसला, पुन्हा लावला.

“हे काय आणलंस? ही उर्दू नाही.”

“आत्ता तं वाचली तुमी!”

“ती आरशातली. ही नाही.”

मोतीरामचा वस्तरा हवेतच थांबला. खुशालनं फोटोकडं पाहिलं, आरशातल्या फोटोकडं पाहिलं. आरशातल्या फोटोत पाच कमानी उजवीकडं होत्या.

“म्हंजे हा फोटोच उलटा छापला!”

“आणि तुम्हा लोकांना आठ-आठ जणांत कळलं नाही?” केशवराव कडाडले.

“आमाले वाटलं, उर्दू उलटी असतेच.”

“उलटी तुमची खोपडी!” केशवराव म्हणाले आणि अर्धी दाढी तशीच ठेवून घरी निघाले. मोतीराम त्यांच्या मागं वस्तरा घेऊन धावला, ते पाहून बाजारात वेगळीच बातमी पसरली.

अमृतराव स्टुडिओत ताजमहालाच्या पडद्याला नवा निळा रंग देत होते. सगळं ऐकून त्यांनी ब्रश खाली ठेवला.

“काच उलटी ठेवली गेली आसंल बापा. तेरा बरोबर ठेवल्या तं कोणी नाव नाई घेतलं, एक चुकली तं धावत आला.”

“साहेबापुढं कबूल करसान का, अमृतभाऊ?”

“लेका, मंग सरकारी काम सुधाकररावच्या जावयाच्या स्टुडिओत जाईन. तूच सांग, माहं नाव न घेता.”

खुशालनं साहेबांना सांगितलं. साहेबांनी शांतपणे ऐकलं.

“सरकारी फोटो गलत? कैसा गलत?” त्यांनी फोटो पालथा करून पाठीवरची सही दाखवली आणि तेलुगूत शेवटचा शब्द सांगितला, “संतकम् अयिपोयिंदी.”

म्हणजे सही होऊन गेली. या शब्दांपुढं आपल्याकडं भूगोलाचंही चालत नाही. जुना फोटो बदलणं नाही, साहेब म्हणाले. आजचा फोटो तेवढा बाकी आहे, तो सोमवारी आण. जुन्याशी जुळला तर ‘उभी’, नाही जुळला तर ‘पडली’.

खुशाल उतरलेल्या तोंडानं वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात जाऊन बसला. थोड्या वेळानं अमृतरावही आले. त्यांचं मन खात होतं, शिवाय मनकर्णाच्या हातची ज्वारीची भाकर त्यांना आवडायची.

“फोटो सरळ काढला तं जुळत नाई,” खुशाल म्हणाला.

“मंग उलटा छाप न, बापा,” मनकर्णा तव्यावरची भाकर फिरवत म्हणाली. “याले येते न ते काम.”

अमृतरावांनी हातातली भाकर ताटात ठेवली.

“छापीन,” अमृतराव म्हणाले. “पन वसतिगृहाचा बोर्ड उलटा येईन. त्याची पहिली ओळ तेलुगूत हाय. उर्दू नाई वाचली सायबानं, तेलुगू वाचीनच.”

“तं बोर्डच उलटा लिहा. फोटोत सुलटा येईन. आता हेई मीच सांगू?”

शनिवारी अमृतरावांनी बोर्ड उतरवला आणि आरसा समोर ठेवून त्याच्यावर ‘मुलींचे वसतिगृह’ तेलुगूत नि मराठीत उलटं रंगवलं. चाळीस पोरी भोवती उभ्या राहून काना-मात्रेच्या चुका काढत होत्या. रविवारी गच्चीवरून फोटो निघाला. त्यात सुधाकररावांची लॉज घेतलीच नाही. गेल्या दहा वर्षांत गावात असा फोटो कोणी काढला नव्हता.

सोमवारी साहेब दोन्ही फोटो हातात घेऊन गच्चीवर उभे राहिले. जुन्यात पाच कमानी डावीकडं. नव्यात पाच कमानी डावीकडं. बोर्ड स्वच्छ वाचता येत होता.

“मंची,” साहेब म्हणाले. छान.

सुधाकरराव पुढं आले. “सार, गडबड है! डावीकडं, मतलब लेफ्ट को, तो मेरा लॉज है!”

साहेबांनी फोटोत पाहिलं. “लॉज को कमान है?”

“नहीं, सार.”

“तो फोटो में तुम किधर है?”

सुधाकररावांनी दोन्ही फोटो नीट पाहिले. स्वतःला शोधायची पाळी त्यांच्यावर पहिल्यांदाच आली होती. ते सापडले नाहीत. समोर कमानी ढळढळीत उजवीकडं उभ्या होत्या. पण तिकडं पाहायचं कारण साहेबांना उरलं नव्हतं, हातात कागद होता. त्यांनी पेन्सिलीचं ‘पडली’ खोडलं, शाईनं ‘उभी’ लिहिलं, खाली सही केली.

मग सगळे चहाला वसतिगृहात गेले. मनकर्णानं ओसरीत खुर्ची मांडली होती. पायरी चढताना साहेबांची मान वर बोर्डाकडं गेली. ते थांबले. ओठ हलवून त्यांनी आपल्या मातृभाषेतली पहिली ओळ लावून पाहिली, लागली नाही. त्यांनी हातातल्या फोटोकडं पाहिलं, मग खुशालकडं, मग आपल्या उजव्या-डाव्या हातांकडं.

मनकर्णानं चहाचा कप पुढं केला आणि हात तसाच ठेवला. कमानीमागून चाळीस पोरी पाहत होत्या.

साहेबांनी कप घेतला.

“संतकम् अयिपोयिंदी,” ते म्हणाले, आणि फुर्रकन घोट घेतला.

आता पंधरा फूट लॉजकडून जायचे होते. त्यामुळे रस्ता रुंद करायची गावाला काही घाई नाही, असं सुधाकररावांच्या अचानक लक्षात आलं. रस्ता आजही तेवढाच आहे.

बोर्ड मात्र कोणाला सरळ करता येत नाही. फोटो काढला तेव्हा इमारत होती तशीच ठेवावी, असा हुकूम आहे. दर जूनमध्ये बेल्याकडचा एखादा बाप पोरीची पेटी डोक्यावर घेऊन रस्त्यात उभा राहतो. त्या बोर्डाकडं पाहतो, ही कोणती भाषा म्हणून घाबरतो, आणि समोरच्या सलूनमध्ये विचारतो, “काऊन भाऊ, पोरींचं वसतिगृह कोठं हाय?”

मोतीराम गिऱ्हाइकाच्या गालावरचा वस्तरा न थांबवता म्हणतो, “अंदर या, मामा. आरशात पाहा.”