पाइपाच्या खालचं पाणी

"काढ तुहे बैल भाइर! हेच पानी खाली आमच्या गावात येते, दिसत नाई का?" कौतिकभाऊंनी काठावरून आवाज टाकला आणि हातात दगडही घेतला.

पाड्यावरचा जीवराम पाण्यात उतरला. बैलांनी पाण्यात जेमतेम तोंड घातलं होतं. त्याने ते तसेच वळवले.

सातपुड्यातून उतरणारा तो नाला रावेरकडच्या या गावाला वळसा घालून जातो. आधी पाडा, मग डोह, डोहाला लागून कौतिकभाऊंचं केळी भरायचं शेड, आणि खाली गाव. होळीनंतर धार बारीक झाली की गावाजवळच्या पाण्याला असा वास सुटायचा, की बाया नाकाला पदर लावून धुणं धुवायच्या. पोरांच्या पायांना फोड येत होते. पाड्यावरचे लोक घाण करतात, हे कौतिकभाऊंनी गावाच्या डोक्यात पक्कं भरवलं होतं. पाड्याची गुरं डोहावर येऊ द्यायची नाहीत, असा ठराव ग्रामसभेत मांडायचा होता.

कौतिकभाऊंच्या बायकोला, मंदाबाईंनाही, ते पटलेलं होतं.

अशात त्यांची भाची मयुरी भुसावळहून आली. ती कॉलेजात प्राणिशास्त्र शिकत होती, आणि तिला नाल्यातले किडे बघायचे होते. पोरीला एकटी कशी सोडायची, म्हणून मंदाबाई तिची किडे ठेवायची पांढरी, उथळ पाटी घेऊन सोबत गेल्या.

डोहाच्या वरच्या तोंडाशी मयुरीने पाण्यातला दगड उचलून उलटा केला. खाली काहीतरी सुळकन सरकलं.

"ईऽऽ माय! टाक तो!" मंदाबाई दोन पावलं मागे सरल्या.

"मावशी, बघ तरी. चपटा आहे, मागे तीन शेपट्या. आणि ही वाळूची नळी दिसते? आत अळी राहते. तिने स्वतःच बांधलेलं घर आहे ते."

"मले नाई पाहाचं. दुपारचं जेवन जाईन का मले?"

"अगं, हे किडे घाण पाण्यात जगतच नाहीत. हे आहेत म्हणजे इथलं पाणी चांगलं आहे."

मंदाबाई थबकल्या. याच जागेवरून तर सकाळी नवऱ्याने जीवरामचे बैल हाकलले होते.

मग दोघी धारेसोबत खाली आल्या. शेडाच्या मागे, झुडपात दडवलेला एक पाइप नाल्यात सुटला होता. केळी धुवायच्या हौदाचं पाणी, चिकाचा काळा फेस आणि मजुरांच्या संडासाचं सगळं त्यातून येत होतं. दगड शेवाळाने बुळबुळीत झाले होते. मयुरीने चिखल पाटीत घेतला, तर त्यात तांबड्या अळ्या वळवळत होत्या, आणि उंदरासारख्या लांब शेपटीचे पांढरे किडे. तीन शेपट्यांचा एकही नव्हता.

"आणि हे?" मंदाबाईंनी पदर तोंडावर धरूनच विचारलं.

"पाण्यात हवा उरली नाही, तरी हे जगतात. घाणीतलेच आहेत."

मंदाबाई बाजूला जाऊन ओकल्या. पण उठून उभं राहिल्यावर त्यांनी पाटी स्वतःच्या हातात घेतली.

कौतिकभाऊ ओट्यावर चार माणसांत बसले होते. मंदाबाईंनी पाटी मध्ये ठेवली.

"हे काय आनलं वं? उचल! किळस येते."

"मले बी आली. वर डोहात असं एक बी नाई. तुमच्या पाइपापासून लागते हे. अन् दगड जीवरामच्या बैलाले मारता तुमी?"

माणसं एकमेकांकडे बघू लागली. कौतिकभाऊंनी लाथेने पाटी उलटवली. अळ्या फरशीवर पसरल्या, तशी चौघं पाय वर घेत उठली आणि चहा तसाच टाकून गेली. त्या रात्री कौतिकभाऊ ओट्यावरच झोपले, आणि तेव्हापासून मंदाबाईंना अन्न गोड लागेना. सकाळपासून मात्र गावातल्या बाया जथ्याने शेडामागे जाऊन पाइप बघून येऊ लागल्या, आणि येताना थुंकू लागल्या.

ठराव बारगळला. पंधरवड्यात कौतिकभाऊंनी शोषखड्डा खणला, पाइप तिकडे वळवला. पाणी हळूहळू निवळलं, पोरांचे फोड सुकले.

आणि मग, कोणी घडवून आणलं कोण जाणे, पंचायतीने नाला वाचवल्याबद्दल कौतिकभाऊंचा सत्कार ठेवला. शाल, नारळ, हार. तालुक्याहून फोटोवाला आला. मंदाबाईंना शेजारच्या खुर्चीवर बसवलं. कौतिकभाऊ माईकवर "आपली नदी, आपली माय" म्हणत होते. समोर टाळ्या पडत होत्या, आणि मंदाबाईंनी शेडामागे धरला होता तसाच पदर पुन्हा तोंडावर धरला.

"काकू, जरा हसा ना," फोटोवाला म्हणाला.

फोटोसाठी कौतिकभाऊ शेजारी येऊन बसले, तसा त्यांच्या हातातला माईक मंदाबाईंच्या तोंडाजवळ आला.

"हसते ना भाऊ. आधी ह्यायले इचारा, त्या पान्यात घान कोन सोडत व्हतं."

टाळ्या थांबल्या. मागे कुठेतरी एक बाई फिसकन हसली, मग दुसरी. कौतिकभाऊंची मान हारासकट खाली गेली. मंदाबाई खुर्चीवरून उठल्या आणि घरी जाऊन त्यांनी भाकरीचं पीठ मळायला घेतलं. कित्येक दिवसांनी त्यांना कडकडून भूक लागली होती.