रमझानमधले दोन थेंब

मित्रांनो, मला दिवा म्हणतात खरे, पण माझ्या उजेडात कोणी पुस्तक वाचू शकणार नाही. मी स्लिट लॅम्प. डोळ्यांच्या दवाखान्यात तुम्ही ज्याच्यावर हनुवटी टेकवता आणि ज्याच्या पट्टीला कपाळ लावता, तो मी. माझा उजेड चिरेइतका बारीक असतो. तो डोळ्यात शिरला की पलीकडे बसलेल्या माणसाला माझ्या भिंगांतून डोळ्याचे थर दिसतात. आता माझी चाके करकरतात आणि आरसा डागाळला आहे.

मी जपानमध्ये तयार झालो आणि आखाती युद्ध संपल्यावर लाकडी खोक्यातून कुवेतला आलो. माजी सैनिकांच्या एका रुग्णालयात मला बसवले. सुरुवातीला माझे फार कौतुक झाले. वाळूचे वादळ आले की दाराच्या फटीतून पिठासारखी धूळ आत यायची आणि सफिया सिस्टर मला मऊ फडक्याने पुसायच्या. जे दिसते त्याचा मला ना हर्ष ना खेद. मी फक्त दाखवतो. पाहणारा त्यातून काय घेतो, हे त्याचे त्याने बघावे.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस माझ्यासमोर प्रणिता बसू लागली. ती मूळची नाशिकची, राहायला कुवेतमधल्या अबू हलीफा या वस्तीत. चष्म्याचा नंबर काढण्यात तिचा हात धरणारे कोणी नव्हते. आता तिला डोळ्यांचे रोग ओळखायला शिकायचे होते, म्हणून डॉक्टर विश्वास सबनीसांच्या हाताखाली तिचे वर्षभराचे प्रशिक्षण चालू होते. रुग्ण आधी ती तपासायची, मग सरांना सगळे सांगायची. पोर हुशार होती, पण सरांसमोर बिचकायची.

तिच्या रुग्णांत सलवा भागात राहणारे अबू फैसल होते. युद्धात त्यांचा डावा डोळा गेला होता आणि उरलेल्या उजव्या डोळ्यात काचबिंदू होता. हा रोग मोठा लबाड. डोळा दुखत नाही, लाल होत नाही. आतला दाब वाढतो आणि नजर कडेकडेने कुरतडली जाते. गेलेली नजर परत येत नाही. सकाळ-संध्याकाळच्या थेंबांवर त्यांचा दाब आटोक्यात होता.

त्या साली रमझान ऐन थंडीत आला. अबू फैसल तपासणीला आले आणि त्यांनी हनुवटी माझ्यावर टेकवली. दाब मोजायला आधी डोळा बधिर करणारा थेंब घालावा लागतो. प्रणिताने बाटली उचलताच त्यांनी मान मागे घेतली. रोजा आहे, थेंब घशात उतरतो, ईदनंतर बघू, असे त्यांनी सांगितले. प्रणिताने लगेच बाटली खाली ठेवली. भारतातून आलेली माणसे तिथे रमझानमध्ये फार जपून वागत. कोणासमोर पाण्याचा घोटही घेत नसत आणि रोज्याविषयी चकार शब्द काढत नसत. परक्या मुलखात कोणाच्या धर्मात तोंड घालू नये, असे तिला घरूनच बजावलेले होते. तिने मान डोलावली आणि ईदनंतरची तारीख दिली.

दुपारी सरांनी दाब किती होता ते विचारले. रोज्यामुळे मोजला नाही, असे ती म्हणाली.

"तुझ्या हातून थेंब घेत नाहीत, मग घरी घेत असतील?"

प्रणिताचा चेहरा उतरला. तिने तिथूनच सलवाला त्यांच्या घरी फोन लावला. अबू फैसलांनी रमझान लागल्यापासून थेंब बंद केले होते. सकाळचेही आणि संध्याकाळचेही.

त्यांना त्याच संध्याकाळी इफ्तारनंतर, रोजा सुटल्यावर बोलावले. माझ्या निळ्या उजेडात प्रणिताने दाब मोजला. दाब भलताच चढला होता. सरांनी औषधे देऊन तो उतरवला. मग तिने बाटली अबू फैसलांच्या हातात दिली आणि एक थेंब इफ्तारला, दुसरा पहाटे सहरीच्या जेवणाला घ्या, असे सांगितले. थंडीतली रात्र मोठी, त्यामुळे दोन थेंबांत हवे तसे बारा तासांचे अंतर पडत होते. रोजा मोडायची गरजच नव्हती. इतके साधे होते ते.

तिने सफिया सिस्टरांकरवी त्यांना विचारले, की थेंब बंद केल्याचे सकाळीच का नाही सांगितले. ते अरबीत बोलले आणि सफियांनी जसेच्या तसे सांगितले.

"तू विचारलं नाहीस, बेटी. मला वाटलं, डॉक्टरीणबाई गप्प आहे, म्हणजे चालत असेल."

प्रणिता रडली नाही. माझी पट्टी मात्र ती उगाच बराच वेळ पुसत बसली.

पुढे नवी यंत्रे आली आणि मी शिकवण्याच्या खोलीत गेलो. आता प्रणिताच मुलांना शिकवते. मुलांनी माझी भिंगे रुमालाने पुसली की मला वाईट वाटते, ओरखडे पडतात. तेवढे सांभाळा. पण मित्रांनो, त्याहून मोठे मागणे आहे. डोळ्यात काय आहे ते मी दाखवीन. घरी बाटली उघडली की नाही, ते मला दिसत नाही. आदर जरूर ठेवा, पण त्यापायी गप्प बसू नका. विचारा.

अबू फैसल अजूनही तपासणीला येतात. समोरचे त्यांना छान दिसते. त्या रमझानमध्ये उजवीकडची नजर गेली ती मात्र परत आली नाही, त्या बाजूने कोणी आले की त्यांना अख्खी मान वळवावी लागते. प्रणिताला हे ठाऊक आहे, म्हणून ती नेहमी समोरून येते.