साजगावची लग्नाळू मरळ

हे कुणालाच खरं वाटणार नाही, आणि वाटावं असा माझा आग्रहही नाही. माझ्या सख्ख्या बहिणीच्या घरात घडलेली गोष्ट आहे, एवढं सांगितलं की पुरे. लोधिवलीला माझ्या भाचीच्या, विमलच्या, मुलाचं बारसं होतं. घुगऱ्या खाऊन मंडळी ओटीवर सुस्तावली होती, तेव्हा मी ही सांगायला घेतली. तशीच इथं लिहितो.

आमच्या साजगावात एक रीत होती. लग्न लागलं, जेवणावळी उठल्या, तरी नवरी लगेच सासरी जात नसे. नवऱ्यानं आधी गावच्या डोहात उतरायचं, हातानं एक मासा धरायचा आणि सासूच्या सुपात टाकायचा. सुपात मासा नाही तर उंबऱ्याबाहेर नवरी नाही. हा गडी पोरीला उपाशी ठेवणार नाही ना, याची ती परीक्षा.

माझ्या आज्याच्या काळी ही परीक्षा म्हणजे नुसती थट्टा होती. डोहात मासे इतके दाट, की घागर भरायची तर बायका आधी मासे हातानं बाजूला सारत. आजा काठावर उभा राहून धोतर वर घेतोय तोवर मासा आपणच उडी मारून सुपात बसला, आणि आजीच्या आईनं त्याला हळद लावली तीही त्यानं मुकाट लावून घेतली. माझ्या लग्नात मला दुपारपर्यंत डुंबावं लागलं आणि हाती आली ती बोटभर खवली मासोळी. सासूनं नाक मुरडलं, पण बायको मिळाली.

मग जर्मनची लढाई आली. घाटरस्त्याच्या कामावरचे सुरुंग चोरूनमारून गावात पोचू लागले आणि आमच्या पोरांनी त्यातला एक डोहात टाकला. पाणी ताडाएवढं उडालं, मासे पांढरी पोटं वर करून तरंगले. गावानं आठवडाभर खाल्ले, टोपल्या कर्जतच्या बाजारात गेल्या, बारीक पिल्लं काठावर कुजली. ती कोण वेचत बसणार? पुढच्या साली तसाच सुरुंग, तसाच आवाज, पण अर्धीच टोपली. त्याच्या पुढच्या साली सुरुंग वाजला आणि एक बेडूक वर आला. त्यानं आमच्याकडे असं काही बघितलं, की आम्ही सगळे खाली मान घालून घरी गेलो.

आता रीत चालवायची कशी? तर डोहात एक मरळ उरली होती. सुरुंगाच्या दिवशी ती वरच्या ओढ्याला माहेरपणाला गेली होती, म्हणून वाचली. गावानं गुपचूप ठरवलं, हिला कुणी खायचं नाही. नवऱ्यानं धरायची, सासूनं सुपात घ्यायची, आणि मी मागल्या दारानं हंड्यात घालून परत डोहात सोडायची. मरळ इतकी सरावली, की सनई ऐकू आली की आपणहून काठाला येई. फक्त मुंडावळ्या नीट बांधलेल्या नसल्या तर नवऱ्याच्या हाती लागत नसे. तेवढी ती शिस्तीची होती.

चव्वेचाळीसच्या वैशाखात विमलचं लग्न झालं. नवरा लोधिवलीचा पोशा, म्हणजे आज पाळण्यात आहे त्याचा बाप. माणूस भला, पण पाण्याला भिणारा. माझी धाकटी बहीण भागूबाई सूप घेऊन काठावर बसली. तिनं आधीच बजावलं होतं, की माझ्या नवऱ्यानं मासा काढला, तेव्हा जावयाला सूट नाही. तिकडे विमल गाठोडं मांडीवर घेऊन मांडवात बसलेली, डोळे जुंपलेल्या गाडीकडे. मासा निघाला नाही तर ती गाडी रिकामी परत जाणार होती.

पोशा गुडघाभर पाण्यात शिरला, मग कमरेभर. सनईवाल्याचे गाल सुजले, तरी मरळ येईना. ऊन कललं. पोशाचा बाप चिडला, म्हणाला हा गाव आमची चेष्टा करतोय, बैल वळवा. गाडीवान उठलाच होता, तेवढ्यात मरळ वर आली. पण एकटी नाही. भोवती पिल्लांचा थवा, पाण्यावर शेंदूर सांडावा तसा लाल. आई उचलली असती तर पिल्लं त्या बेडकाच्या पोटात गेली असती.

पोशानं पाण्यात हात घातला आणि तसाच बाहेर काढला.

"आई," तो सासूला म्हणाला, "ही बाळंतीण हाय. हिला नाय मी धरनार."

विमल गाठोड्यासकट मांडवातून धावत आली. भागूबाईनं ओचा खोचला, पाण्यात उतरली आणि पोशाशेजारी सूप बुडवलं. मी तिच्या खांद्यावरून वाकून बघत होतो. मरळ लेकरांसकट सुपात आली, ऐसपैस बसली, मला तिनं ओळखही दिली. भागूबाईनं सुपावर पदर धरला आणि काठाकडे बघून म्हणाली, "आला मासा. न्या पोरीला." मग सूप हळूच पाण्यात मोकळं केलं. गाडी निघाली तेव्हा मरळ शिवेपर्यंत पाताळगंगा नदीतून सोबत आली. आज त्या पिल्लांनी आमचा डोह पुन्हा असा भरलाय, की कुणीही उद्या यावं आणि घागर भरून दाखवावी.

मंडळी खूश. भागूबाई मात्र पाळण्याची दोरी ओढत कोपऱ्यात बसली होती. दोरी न थांबवता तिनं तोंड उघडलं.

"दादा, मरळ सुरुंगातच मेली. तिचं डोकं माझ्या चुलीपाशी बसून तूच चोखलंस."

मी विचारलं, मग पोशाला पाण्यात दिसलं ते काय? सगळे पोशाकडे वळले. पोशा पाळण्यावरची माशी हाकलू लागला. पाळण्यावर माशी नव्हती.

"काय नव्हतं दिसलं," भागूबाई म्हणाली. "बाळंतीण हाय म्हनला तवाच मला कळलं, डोह पार रिकामा हाय नि ह्यो मनानं रचतोय. पन वेळेला ज्याला एवढं सुचतंय, तो पोरीला उपाशी नाय ठेवायचा. सुपात निसतं पानी होतं, दादा. नि तू कशाला वाकून बघशील? तू तवा गाडीखाली घोरत होतास."