सुरेखाचा पत्रा

लोधिवलीच्या रोपवाटिकेत दोन शेड. पहिली जगदीशची, अकरा वर्षांपासून. दुसरी सुरेखाची, दिवाळीपासून. आता दोन्हींवर मिळून एकच मुकादम नेमायचा, असं मालकीण माधवीताई बोलल्या आणि जगदीशचं अन्न गोड लागेना.

एवढं काय करते ही बाई?

रोज सकाळी काळ्या रंगाच्या पत्र्यावर खडूनं चित्रं काढते. पिशवी, पुढे रेघा. झारी, पुढे रेघा. वाडीवरून कामाला येणाऱ्या काही बायकांना वाचता येत नाही म्हणून चित्रं. आज किती पिशव्या भरायच्या, किती वाफे शिंपायचे, सगळं समोर. मग चहाआधी एक फेरी. हिरूची पिशवी उचलून म्हणते, माती दाबून भरलीस, पाणी मुरणार नाय गं. शेजारणीला म्हणते, कलमं झकास बांधलीस.

संपलं!

जगदीश शनिवारी बोलायचा. आठवड्याच्या चुका एकदम, सगळ्यांदेखत. एरवी गप्प. गप्प म्हणजे बरं चाललंय, एवढं माणसाला कळू नये?

तिच्या शेडमधून हसणं ऐकू यायचं. तो मुद्दाम पाण्याची मोटर लावायचा.

सोमवार. दुपारी माधवीताई येणार. सुरेखा पत्र्यावर चित्रं काढून टेंपोबरोबर शिळफाट्याला खत आणायला गेली. बायका अजून यायच्या होत्या.

जगदीशनं ओलं फडकं फिरवलं.

पत्रा कोरा.

नऊ वाजता त्यानं तिच्या शेडमध्ये डोकावलं. हिरूनं रिकाम्या पत्र्याकडे बघितलं, जरा थांबली, मग पिशव्या ओढून कामाला बसली. परवाच्या फेरीत सुरेखानं पुढचं सांगून ठेवलं होतं.

आणि त्याच्या शेडमध्ये? पाच बायका हात मोकळे सोडून उभ्या. सगळ्यांत जुनी ठमी पुढे आली.

"पत्रा कोरा हाय ना, दादा."

"कुठला पत्रा?"

"सुरेखाबाईचा. रोज येताना बघून येतो आमी. तिकडं जेवढं, तेवढंच इकडं. तुमी कुटं काय सांगता?"

"कधीपासून?"

"संक्रांतीपासून."

संक्रांतीपासून त्याच्या शेडचं काम सुधारलं होतं. माधवीताई तसं म्हणाल्याही होत्या. त्या एका वाक्याच्या जोरावरच तो मुकादमकी आपलीच धरून चालला होता. ती हातची गेली, हे ताईंची गाडी यायच्या आधीच त्याला कळलं.

टेंपो आला तेव्हा फडकं त्याच्या खांद्यावरच होतं. सुरेखानं पत्रा पाहिला, फडकं पाहिलं, त्याच्या मागे अजून रिकाम्या उभ्या बायका पाहिल्या.

"पुसलात ते वाईट केलंत, दादा. तुमच्याच बायकांचा तास गेला."

एवढंच म्हणून ती गोणी उतरवायला वळली. पुढचं काहीतरी येईल म्हणून तो उभाच राहिला. काही आलं नाही. दोन वाक्यांत बोलून मोकळं होणं. हेही हिलाच जमावं, याची त्याला आणखी आग लागली.

मग त्यानं खडू उचलला. त्याच कोऱ्या पत्र्यावर पिशवी काढली, वाकडी. पुढे रेघा किती, ते अकरा वर्षांत त्यानं ठरवलंच नव्हतं.

"ठमे," तो पाठमोराच म्हणाला, "दिवसाला किती भरून होतात गं तुझ्या?"