चहापायी राहिलेलं उत्तर

मित्रांनो, मी एक जुना छताचा पंखा आहे. छताचा म्हणायचं ते आपलं सवयीनं. सध्या मी माळ्यावर, फाटक्या गादीखाली पडलोय. या घरात माझं नाव कुणी काढत नाही, आणि काढलंच तर शिवी घालून काढतात.

कारखान्यात माझी तीन पाती एकाच पत्र्यातून कापली आणि त्यांना हलकासा बाक दिला. तो बाक लक्षात ठेवा, पुढचं सगळं रामायण त्यावरूनच घडलं.

बावीस वर्षं मी बाहेरच्या खोलीत गरगरलो. पाहुणे आले की "जरा पंखा लावा हो," एवढंच काय ते कौतुक. मग एका उन्हाळ्यात माझ्या दांडीच्या टोकाला, छताशी जी वाटी असते, तिच्यात चिमणीनं घरटं केलं. घरातल्या आईनं माझ्या बटणावर चिकटपट्टी लावली आणि बजावलं, "पिल्लं उडून जाईपर्यंत कुणी हात लावायचा नाही." सगळे घामानं निथळले, पण पट्टी काढली नाही. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटायचं. नुसतं गप्प राहूनही आपण कुणाच्या उपयोगी पडतो, हे मला तेव्हा कळलं.

तिघांतलं एकच पिल्लू जगलं. त्याच्याकडे मान वर करून तासन्तास बघत बसायची ती घरातली पाच वर्षांची मुलगी. सारखी स्वतःभोवती फिरायची म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणत.

रविवारी तिचा मामा आला. मामा वायरमन. भिंगरीनं त्याला दारातच गाठलं.

"मामा, पाखरं वरून पडत कशी नाहीत रे?"

मामानं माझ्याकडे बोट केलं. "ते पातं बघ कसं वाकडं आहे. ते हवा खाली ढकलतं, म्हणून आपल्याला वारा लागतो. पाखराचा पंखही तसाच बाकदार. पाखरू पंखानं हवा खाली दाबतं, आणि हवा त्याला वर उचलते."

"हवा उचलते?"

"मग! हवा नाही तर उडणं नाही."

इतक्यात आतून चहाची हाक आली. "बाकीचं नंतर सांगतो हं," म्हणत मामा उठला. मग चहा झाला, गप्पा झाल्या, आणि त्याची बस आली. बाकीचं राहिलं ते राहिलंच.

मंगळवारी दुपारी पिल्लू वाटीच्या काठावर आलं. दोनदा फडफडलं आणि पुन्हा आत घसरलं. आई मागे कपडे वाळत घालत होती.

"अरे बिचारं! त्याला हवाच नाहीये," भिंगरी म्हणाली. तिनं स्टूल ओढलं, वर चढली आणि नखानं हळूच पट्टी सोलली. "थांब हं, देते तुला."

मी कुरकुरलो. पण मी सुरू होताना नेहमीच कुरकुरतो, कोण लक्ष देणार? दांडी हादरली. पिल्लू दचकून बाहेर सुटलं आणि थेट माझ्या पात्यावर आलं. पुढचं मी सांगणार नाही. ते पातं मला अजून नकोसं वाटतं.

"मेला पंखा!" आई धावत येऊन ओरडली. पुढच्या रविवारी मामानं मला स्वतःच्या हातानं उतरवलं. दोष माझ्या माथी मारणं सगळ्यांनाच सोयीचं होतं, मी थोडाच उलट बोलणार होतो!

भिंगरी मात्र प्रत्येकाला विचारत फिरली, "मी हवा दिली ना? मग ते का नाही उडलं?"

बाबा म्हणाले, "जेवून घे आधी." आई म्हणाली, "पुरे झाला तो विषय." मामा तर तिच्याकडे न बघताच मला काखेत मारून शिडी चढला. मग तिनं विचारणं सोडलं. गरगर फिरणंही सोडलं. माळ्यावरून मला तिच्या पावलांचा आवाज येतो, तो आता सरळ जातो आणि सरळ येतो.

मित्रांनो, मला पुसा, मला तेल घाला, असलं काही मी मागत नाही. बटण दाबण्याआधी एकदा वर बघत जा. आणि लहान पोरानं काही विचारलं, तर चहा खुशाल गार होऊ द्या, पण उत्तर पुरं द्या.

मला तोंड असतं तर मीच भिंगरीला सांगितलं असतं. अगं बाळ, खोलीत हवा भरपूर होती. पिल्लाची पिसंच अजून पुरती भरली नव्हती. आणखी चार दिवस थांबलो असतो, तर ते आपलं आपणच उडालं असतं.