नऊ वाजताची गोळी

अनंत चतुर्दशीला कोल्हापुरात स्कूटर बाहेर काढणारा माणूस एकतर वेडा असतो, नाहीतर त्याच्या घरचं कुणीतरी दवाखान्यात असतं. स्वप्नालीच्या घरचं कुणी दवाखान्यात नव्हतं. तरी ती सकाळी साडेनऊला कसबा बावड्यातून निघाली. तीन ठिकाणी बॅरिकेड लागलं, दोन ठिकाणी पोलिसांनी मागे फिरवलं, आणि एका मंडळाच्या डॉल्बीसमोर ती दहा मिनिटं अशी अडकली की छातीतले ठोके आपले की डॉल्बीचे तेच कळेना.

निघण्याआधी अपूर्वाचा फोन आला होता. "स्वप्नालीताई, आत्ती पडल्या की ओ! बस्तीच्या पायरीवर. चक्कर आली म्हणं. मनगट मोडलंय, कोल्हापूरला आणलंय. तुमचे ते अभ्यासाचे कागद मागायल्यात डॉक्टर."

आत्ती म्हणजे अपूर्वाच्या सासूबाई, अक्काताई. वय सहासष्ट, मुक्काम हातकणंगल्याजवळचं एक गाव. बस्ती म्हणजे त्या गावातलं जैन मंदिर. आणि अभ्यास म्हणजे स्वप्नालीची नोकरी. रक्तदाबाची गोळी सकाळी घेतलेली बरी की रात्री, एवढाच त्या अभ्यासाचा प्रश्न होता. त्यासाठी जिल्ह्यातली सहाशे माणसं निवडली होती. चिठ्ठ्या टाकून निम्म्यांना सकाळची वेळ दिली, निम्म्यांना रात्री नऊची. अक्काताईंना रात्रीची आली. शिवाय त्यांची जुनी, पाय सुजू नयेत म्हणून दिलेली, रक्तदाबही उतरवणारी गोळी होतीच, ती सकाळची.

स्वप्नालीचं काम दर आठवड्याला घरोघर जायचं आणि फॉर्म भरायचं. फॉर्मवर रोजचे दोन चौकोन. गोळी घेतली का? किती वाजता घेतली? पहिला प्रश्न ती प्रत्येकाला विचारायची. दुसरा सुरुवातीला महिनाभर विचारला. लोक म्हणायचे, "नवाला की! तूच सांगितलीयास न्हवं?" मग हळूहळू विचारणं सुटलं. एका दिवसात चौदा घरं, त्यात बस चुकलेली, कुत्री मागे लागलेली. घरात पाऊल टाकायचं, "घेताय न्हवं रोज?" म्हणायचं, "व्हय की" ऐकायचं, आणि रांगेनं सात वेळा नऊ लिहायचं. दुसऱ्यांच्या फॉर्मवर मोकळे चौकोन असायचे, त्यांना बोलणी बसायची. स्वप्नालीचा एकही चौकोन मोकळा नसायचा. अभ्यासाच्या प्रमुख संयोगिता मॅडमनी तर गेल्या बैठकीत तिचा फॉर्म सगळ्यांसमोर उचलून धरला होता. "असं काम पाहिजे," म्हणाल्या होत्या. त्या दिवशी ती घरी जाताना पेढे घेऊन गेली होती.

दवाखान्यात पोचली तर वर्धमान, म्हणजे अक्काताईंचा मुलगा, दारातच उभा होता. अंगावर बस्तीत नेसायचं पांढरं धोतर तसंच, खांद्यावर उपरणं, पायात मात्र घाईत घातलेली बायकोची चप्पल. त्यानं तिला ओढतच आत नेलं.

वॉर्डातला डॉक्टर तरुण होता आणि घाईत होता. मिरवणुकीत पाय मुरगळलेले, डोकं फुटलेले पेशंट त्याच्या दारात रांग लावून होते. त्यानं फॉर्म चाळला आणि विचारलं, "काल रात्रीची गोळी कधी घेतली होती यांनी?"

"नऊ वाजता, सर," स्वप्नाली म्हणाली.

विचार न करता म्हणाली. तिला काल रात्रीचं काही म्हणता काही ठाऊक नव्हतं, ती तर रविवारी त्यांच्याकडे जाऊन आली होती. पण तोंडाला सवय लागली होती, तोंडानं उत्तर देऊन टाकलं.

"आणि पडल्या साडेआठला. म्हणजे साडेअकरा तास झाले." डॉक्टरनं पेन कपाळावर टेकवलं. "मग त्या गोळीवर ढकलता येत नाही. वय बघता हृदयाचं काहीतरी असू शकतं. ईसीजीत थोडी शंका आहे. उद्या सकाळी अँजिओग्राफी करून घेऊ. तुम्ही कोण, मुलगा ना? संमतीच्या कागदावर सही लागेल."

वर्धमानचा चेहरा पांढराफटक पडला. "हृदय? तिला कधी खोकला सुदीक झालेला न्हाय, डॉक्टर."

अक्काताई खिडकीजवळच्या कॉटवर पडून होत्या. डावा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये, कपाळाला खरचटलेलं, आणि तोंडावर भाव असा की एवढी माणसं कशाला गोळा झालीत. नर्स ज्यूसचा डबा घेऊन उभी होती आणि त्या मान हलवत होत्या. आज चतुर्दशीचा उपवास. दिवसातनं एकदा उकळलेलं पाणी, ते सकाळी सूर्य उगवल्यावर पिऊन झालं होतं. आता उद्या.

"पोरी, आलीस व्हय गर्दीतनं?" त्या म्हणाल्या. "बस. त्या बाईला सांग, मी काय पीत न्हाय."

स्वप्नाली स्टुलावर बसली. काहीतरी धीराचं बोलावं म्हणून म्हणाली, "राहू द्या, अक्काताई. ज्यूस नको तर नको. फक्त रात्री नऊची गोळी तेवढी घ्या, सिस्टर आणून देतील."

"रात्री कशी घेणार गं?" अक्काताई अगदी सहज म्हणाल्या. "चातुर्मास न्हवं का? दिवस मावळला की पाण्याचा थेंब न्हाय. मी सकाळीच घेतो की. त्या दुसऱ्या गोळीसंगं."

स्वप्नालीनं स्टूल पुढं ओढलं. "दोन्ही एकदम?"

"मग? रात्री पाणीच न्हाय, तर ती येगळी कशी गिळायची?"

"कधीपासनं?"

"आषाढापासनं. आमच्या गल्लीतल्या सगळ्याच तशा घेत्यात."

बाहेरून डॉल्बी गेला. खिडकीची काच थरथरली. स्वप्नालीला तो ऐकूच आला नाही. ती मनातल्या मनात मोजत होती. आषाढापासून भाद्रपदापर्यंत दोन महिने. साठ दिवस. साठ नऊ.

आणि यातलं तिला ठाऊक नव्हतं असं काय होतं? संध्याकाळी साडेपाचला अक्काताईंच्या घरी ती पोचली, तर घरात पानं वाढलेली असायची. "उजेड हाय तवर खाऊन घे," म्हणून तिलाही बसवायच्या. गेल्या दोन महिन्यांत सात-आठ वेळा तरी त्या घरात दिवस मावळायच्या आत भाकरी-आमटी खाऊन ती उठली होती, हात धुतले होते आणि पिशवीतून फॉर्म काढून रात्री नऊ, रात्री नऊ असं लिहिलं होतं. सगळं डोळ्यांसमोर होतं. तिला फक्त चौकोन भरायचे होते.

"मला सांगितला का न्हाईसा?" तिचा आवाज चढला. पलीकडच्या कॉटवरच्या बाईनं मान वळवली.

"तू 'घेतली का' म्हणून इचारायचीस, मी 'घेतली' म्हणायचो. खोटं कुठं बोललो?" अक्काताई म्हणाल्या. मग जरा थांबून खालच्या आवाजात, "आता खरं सांगतो. मनात यायचं, हिला सांगावं. पर तू म्हणलीवतीस न्हवं, रात्रीचीच पायजे म्हणून. आमी ऐकत न्हाय म्हटल्यावर सायेब लोक तुलाच बोलणार. चांगली पोरगी, उन्हातान्हात फिरती, उगं तिच्या नावाला बट्टा कशाला. म्हणून गप बसलो."

हात जोडायला म्हणून त्यांनी उजवा हात उचलला. डावा उचलत नव्हता, म्हणून उजवाच प्लास्टरवर नेऊन टेकवला. "परवा क्षमावणी. बस्तीत सगळ्यांनी एकमेकाची क्षमा मागायची असती. मला काय आता तितं जाता येत न्हाय. तर तुझी हितंच मागतो. कळत नकळत चुकलं असंल तर माफ कर, पोरी."

स्वप्नाली उठली. बाहेर गेली. पायऱ्या उतरली, परत चढली, पाण्याच्या कूलरपाशी गेली, पेला भरला आणि न पिता ओतून टाकला. फोन थरथरत होता. संयोगिता मॅडम. अभ्यासातलं माणूस दवाखान्यात भरती झालं की चोवीस तासांत अहवाल पाठवायचा, असा नियम. तिनं फोन उचलला नाही. पुन्हा वाजला, पुन्हा नाही.

मन कसं असतं बघा, चोराच्या वकिलासारखं लगेच उभं राहतं. अँजिओग्राफी झाली तर झाली, ते म्हणालं. हृदय तरी तपासून निघेल. वर्धमानदादांना काही कमी नाही. आणि गुपचूप अक्काताईंना सांगता येईल ना, की उद्यापासून दोन्ही गोळ्या एकदम घेऊ नका, म्हणून. कुणाला काय कळणार? कोंबडं झाकलं तरी उजाडायचं राहत नाही, हे तिची आई उठता-बसता म्हणायची, पण ते आठवलं म्हणून काही पाय हलले नाहीत. पुढच्या अभ्यासासाठी मॅडमनी तिचं नाव वर पाठवलं होतं. सुपरवायझर म्हणून. एकटीच्या नावाची शिफारस होती.

वॉर्डाच्या दारातून तिला काउंटर दिसत होता. वर्धमान तिथं वाकून उभा होता. समोर संमतीचा कागद, हातात पेन. तो सही करत नव्हता, वाचतही नव्हता. नुसता त्या कागदाकडे बघत होता, आणि बायकोच्या चपलेतून त्याची टाच बाहेर आली होती.

"दादा, थांबा!" स्वप्नाली ओरडली. दवाखान्यात ओरडू नये एवढ्या जोरात. "सही करू नका."

डॉक्टरला ड्रेसिंगवरून उठवून आणावं लागलं. ती उभ्या उभ्याच बोलली, श्वास न घेता. दोन्ही गोळ्या सकाळी, एकदम, उपाशीपोटी, नुसत्या पाण्यावर. दोन महिने. आज पण.

"मघाशी तुम्ही नऊ म्हणालात," डॉक्टर म्हणाला.

"मी त्यांना न विचारता सांगितलं, सर. फॉर्मवरचं पण न विचारताच लिहिलंय."

डॉक्टरनं अक्काताईंचा रक्तदाब घेतला, आडवं असताना एकदा आणि नर्सच्या आधारानं बसवून एकदा. बसवल्यावर आकडा धाडकन खाली आला. "पडणारच मग," तो पुटपुटला. "अँजिओ राहू दे. रात्रभर इथंच ठेवू, उद्या पुन्हा ईसीजी काढून बघू." वर्धमाननं पेन काउंटरवर ठेवलं आणि तिथल्याच बाकावर मटकन बसला.

संयोगिता मॅडमना तिनं स्वतःहून फोन लावला. मागे डॉल्बी होता म्हणून तिला सगळं दोनदा सांगावं लागलं. चूक दोनदा सांगणं फार वाईट असतं, दुसऱ्यांदा तर मोठ्यानं सांगावी लागते.



"किती घरं?" मॅडमनी विचारलं.

"त्या गल्लीतली अकरा नक्की. बाकीची मला माहीत नाही, मॅडम. विचारलंच नाही ना."

"उद्यापासून गावात जायचं नाही. तुझी सगळी घरं दुसरं कुणीतरी पहिल्यापासून विचारत जाईल. बाकीचं सोमवारी ऑफिसात बोलू." मग आवाज थोडा उतरला, पण मऊ झाला नाही. "तो फॉर्म आहे ना तुझ्याजवळ? आजच्या आज दुरुस्त कर. पद्धत माहीत आहे. आणि जिथं त्यांना आठवत नाही तिथं मोकळं सोड. कळलं? मोकळं सोड."

पद्धत तिला पाठ होती. नवीन मुलींना तीच शिकवायची. चुकीच्या आकड्यावर एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. पांढरी शाई नाही, गिरवणं नाही. शेजारी खरं लिहायचं, सही करायची, तारीख टाकायची.

दुपार कलली होती. ती परत स्टुलावर येऊन बसली आणि मांडीवर फॉर्म घेतला. अक्काताई जाग्या होत्या. खिडकीतून उतरता उजेड त्यांच्या प्लास्टरवर पडला होता.

"अक्काताई, क्षमा तुम्ही मागायची न्हाय," ती म्हणाली. "मी मागाय पायजे. तुम्ही पडलासा ते माझ्यामुळं." ती रडत होती आणि रडताना नाक पुसायला रुमाल नव्हता, म्हणून ओढणीनं पुसत होती. "आता एकेक दिवस सांगा. आषाढातल्या चतुर्दशीपासनं. त्या दिवशी गोळी घेतलासा का? आणि किती वाजता?"

अक्काताईंनी डोळे मिटले. ओठ हलले, तिथी मोजत असाव्यात. "त्या दिशी बस्तीतनं आल्यावर. सात वाजलं असतील." स्वप्नालीनं नऊवर रेघ मारली, सात लिहिलं, सही केली. "दुसऱ्या दिशी पण सातच. तिसऱ्या दिशी..." त्या थांबल्या. "तिसऱ्या दिशीचं न्हाय आठवत गं."

तिनं नऊवर रेघ मारली आणि शेजारी काहीच लिहिलं नाही.

अक्काताईंनी डोळे उघडून तिच्याकडे पाहिलं. चांगल्या हातानं तिच्या हातातलं पेन जरा बाजूला सारलं आणि तिची बोटं धरली.

"एवढं येत होतीस, जेवत होतीस," त्या म्हणाल्या. "आज पहिल्यांदा इचारलीस बघ."